तिसऱ्यांदा नीट? मी तिला समजावणार नाही

आर्णी तालुक्यातून एका वडिलांचं पत्र आहे. मुलीनं मेडिकलसाठी दोनदा 'नीट' परीक्षा दिली, नंबर लागला नाही. आता ती तिसऱ्यांदा बसायला तयार नाही. 'प्लॅस्टिकच्या डब्या-पिशव्यांतून अन्नात काय उतरतं ते शिकायचं म्हणते. हे काय करिअर झालं? तुम्हीच समजवा.' सोबत तिच्या वहीचं एक पान जोडलंय.

भाऊ, मी समजावणार नाही. चार पानी पत्रात तिच्या मार्कांना दोन ओळी, बाकी सगळं 'सोयऱ्यांना काय सांगू' आणि 'कोचिंगसाठी वावर गहाण पडलं'. ते कर्ज तुम्ही काढलं, तिनं मागितलं नव्हतं. रोज जेवताना ते तिच्या ताटात वाढू नका. केमिस्ट्रीत ती दोन्ही वेळा बायोलॉजीपेक्षा बरी आहे, हे तुम्हीच लिहिलंय आणि पुढच्या ओळीत विसरलात.

तुमची एक तक्रार मी दोनदा वाचली. फवारणीच्या औषधाचा रिकामा कॅन धुऊन तुम्ही वावरात प्यायचं पाणी नेत होता, तो तिनं विळ्यानं फोडला. बरोबर केलं. औषध प्लॅस्टिकच्या अंगात मुरतं. कॅन तीनदा खंगाळतात तो फोडून टाकण्याआधी, पाणी भरण्यासाठी कधीच नाही. फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-मजूर दगावले तो २०१७ चा हंगाम यवतमाळ जिल्ह्यानं पाहिलाय, मी काय सांगू?

आता मुलीला. बाळा, डब्याखालच्या त्रिकोणात ५ असेल तर डबा सुरक्षित, असं तू लिहिलंयस. चूक. तो आकडा प्लॅस्टिकची जात सांगतो. ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. त्यात मिसळलेली द्रव्यं, वरची शाई, रंग यांबद्दल तो गप्प असतो. शिवाय रसायन घातक असणं वेगळं आणि ते पोटात किती जातं हे वेगळं. गार पाण्यात जे उतरत नाही ते गरम तर्रीत उतरू शकतं. म्हणून प्रयोगशाळेत तेलकट पदार्थाच्या जागी एन-हेप्टेन, आंबटाच्या जागी ३ टक्के ॲसिटिक ॲसिड घेतात, ठरलेल्या तापमानाला ठरलेला वेळ ठेवतात आणि उतरलेलं मोजतात. आपल्याकडे उतरलेल्या सगळ्याची मिळून मर्यादा किलोभर अन्नामागे ६० मिलिग्रॅम. एकेका रसायनाचा हिशेब मात्र निराळा. बिस्फेनॉल-ए, म्हणजे काही कडक प्लॅस्टिक बनवताना वापरतात ते रसायन. त्याची रोजची मर्यादा युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०२३ मध्ये शरीराच्या दर किलो वजनामागे ४ मायक्रोग्रॅमवरून ०.२ नॅनोग्रॅमवर आणली, म्हणजे २०,००० पट खाली. जुने निष्कर्ष असे पुन्हा पुन्हा तपासत बसावं लागतं. 'प्लॅस्टिक वाईटच' हे आधीच ठरवून यायचं असेल, तर येऊ नकोस.

वाट साधी आहे: जवळच्या बऱ्या कॉलेजात बी.एस्सी. केमिस्ट्री, मग एम.एस्सी. इंजिनिअरिंगची सीईटी दिली असेल तर नागपूरचं एलआयटीही (लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था, आता विद्यापीठ) बघ. सुरुवातीचा पगार बेताचाच. फूड ॲनालिस्टच्या, म्हणजे अन्नाचे नमुने तपासणाऱ्या अधिकृत तज्ज्ञाच्या परीक्षेला एम.एस्सी.वर ३ वर्षांचा अन्न तपासणीचा अनुभव लागतो. भाऊ, डॉक्टर व्हायलाही वर्षं काही कमी लागत नाहीत.

कोचिंगची यंदाची फी आगाऊ भरली असेल, तर आधी ती परत मागा. बी.एस्सी.चा फॉर्म तिचा ती भरेल.