आधी आजीला पट्टी दाखव

ताई, मी कराडची. यंदा, २०२६ मध्ये, कॉम्प्युटर इंजिनिअरिंग झालं. कॅम्पसमधून पुण्याच्या एका आयटी कंपनीत ३.६ लाखांचं पॅकेज मिळालं. बाबा म्हणतात, एवढी फी भरून महिना तीसच हजार? माझा चुलतभाऊ इंग्लंडला एम.एस्सी. करून तिथेच लागलाय, वर्षाला ४० हजार पौंड. काका-काकू गावभर सांगतात. मलाही तिथल्या विद्यापीठात प्रवेश मिळालाय. ३५ लाखांचं कर्ज लागेल, राहतं घर तारण ठेवायचं ठरलंय. घर आजीच्या नावावर आहे आणि ती तेवढी सही करत नाही. शिकलेली नाही, पूर्वी शेतातली वांगी-दोडका मंडईत आडत्याकडे घालायची. सारखं एकच विचारते, "पयला पगार हातात किती येणार?" तिला पौंडाचं काय समजावणार? आई-बाबा माझ्यासाठी एवढं करतायत, त्यांचं मन मोडवत नाही. नोकरी धरू की जाऊ?
— गोंधळलेली, कराड

पोरी,

तुझ्या घरात नेमका प्रश्न एकाच माणसाने विचारलाय, आणि तिलाच तू "शिकलेली नाही" म्हणून बाजूला बसवलंस. पौंड समजावणं अवघड नाही गं. तिच्या प्रश्नाचं उत्तर तुझ्यापाशीच नाही, म्हणून तू ते टाळते आहेस. बाबांपाशी नाही, काका-काकूंपाशी तर नाहीच.

मंडईत माल घातलेल्या बाईला भाव आणि पट्टी यांतला फरक कुणी शिकवावा लागत नाही. वांग्याला भाव चांगला निघाला म्हणून खुशीत असावं, आणि आडत, हमाली, तोलाई, गाडीभाडं कापून हातात आलेल्या पट्टीवर, म्हणजे आडत्याच्या हिशोबाच्या कागदावर, भलताच आकडा असावा, हे तिने कितीदा तरी सोसलं असेल. पॅकेज हा भाव आहे. ती तुला पट्टी विचारते आहे.

तर ऑफर लेटर उघड. शेवटी पगाराचा तक्ता असतो, तो बहुतेक तू वाचलेलाच नाहीस, नाहीतर "तीस हजार" लिहिलं नसतंस. ३.६ लाख म्हणजे महिन्याला ३० हजार, पण कंपनीने तुझ्या नावावर भरायचा पीएफ त्यातच धरलेला असतो. मूळ पगार १५ हजार असेल तर ते १,८०० गेले. ग्रॅच्युइटीचे सातशे-एक, जी साधारण पाच वर्षं टिकल्यावर मिळायची. विम्याचे पाचेकशे. कामगिरी बघून वर्षाअखेर द्यायचा भाग दहा टक्के धरला तर आणखी ३ हजार. राहिले २४ हजार, त्यातून तुझ्या वाट्याचा पीएफ पुन्हा १,८००. महाराष्ट्रात २५ हजारांपर्यंत पगार असलेल्या बाईला व्यवसाय कर नाही, आणि एवढ्या पगारावर इन्कम टॅक्सही नाही. हातात २२ हजार. तुझ्या तक्त्यात पाचशे-हजार इकडेतिकडे असतील, एवढंच.

हा पगार कमीच आहे. मोठ्या आयटी कंपन्या फ्रेशरला तीन-साडेतीन लाख देतात आणि हा आकडा दहा-बारा वर्षं जागचा हललेला नाही. तेवढ्या काळात पुण्यातलं खोलीभाडं कुठल्या कुठे गेलं. बाबांच्या संतापात मी त्यांच्या बाजूची आहे. पण कंपनीवरचा राग म्हातारीच्या घरावर काढायचा नसतो.

आता इंग्लंडची पट्टी. चुलतभावाचे ४० हजार हाही भावच. कर आणि नॅशनल इन्शुरन्स, म्हणजे तिथल्या सरकारी विम्याची पगारातली कपात, जाऊन महिन्याला २,७०० पौंडांच्या आत येतात, पेन्शनचा वाटा वेगळा, मग घरभाडं. तरीही तो सुखात असेल, कारण त्याला नोकरी आहे. तुझं कोर्सनंतर काय? १ जानेवारी २०२७ पासून पदवीनंतरच्या व्हिसाला अर्ज करणाऱ्याला तिथे दोनऐवजी दीडच वर्ष राहता येणार आहे, आणि तू त्यातच येतेस. तेवढ्यात व्हिसा स्पॉन्सर करणारी कंपनी मिळवायची. जुलै २०२५ पासून नव्याने लागणाऱ्या पदवीधराचाही पगार त्यासाठी बहुतेक कामांत वर्षाला निदान ३३,४०० पौंड लागतो. अशी नोकरी लागली, तर तू हप्ता फेडशील. नाही लागली तर?

आजी तेच विचारते आहे. ३५ लाख, अकरा टक्के व्याज, दहा वर्षं. हप्ता महिन्याला ४८ हजार, शिकत असतानाचं व्याज धरलेलंच नाही. परत येऊन इथेच फ्रेशर म्हणून लागलीस तर हातात २२ हजार. वरचे २६ हजार कोण भरणार? आणि बँकेची माणसं नोटीस घेऊन आली की दारात कोण बसलेलं असेल?

आई-बाबांचं मन मोडवत नाही म्हणतेस. त्यांच्याबद्दल मला फारसा कळवळा येत नाही. ज्या घरावर ते तुझ्यासाठी उदार झालेत ते त्यांचं नाही. ज्या बाईचं आहे तिला कुणी विचारलं नाही, नुसतं "इथे सही कर" म्हणून कागद पुढे सरकवला. ती हटून बसलीय म्हणून अजून तुमच्या डोक्यावर छप्पर आहे. घरात काका-काकूंच्या तोडीचं काहीतरी सांगायला हवंय, त्यासाठी तुला विमानात बसवायचं चाललंय, हे तुलाही आतून ठाऊक आहे. पत्रात इंग्लंडला जाऊन काय शिकणार, ते एका शब्दाने लिहिलेलं नाहीस. विषयाचं नावसुद्धा नाही.

नोकरी धर. गहाणाचे कागद बँकेतून परत आण, उद्याच. २२ हजारांत पुण्यात ओढाताण होईल, कॉट बेसिसवर राहशील, डबा लावशील, महिनाअखेर आईकडे पैसे मागावेसे वाटतील. पण दोन वर्षं हाताने काम शिकलीस की दुसरी कंपनी तुझा पगार कॉलेजचा शिक्का बघून ठरवणार नाही. तेव्हा इंग्लंड हवंसं वाटलं तर विषय ठरवून, स्वतःचे चार पैसे घालून जा. मी आडवी येणार नाही, आजीही येणार नाही.

आणि आज रात्री जेवणं झाली की वही घेऊन तिच्या शेजारी बस. दोन्ही पट्ट्या तिच्यासमोर मांड, तिच्याच भाषेत: भाव एवढा, कापला एवढा, हातात एवढा. मध्ये थांबवेल, बोटांवर मोजेल, परत विचारेल. घाई करू नकोस. वाचून दाखवल्यावर ती काय म्हणाली, ते मला लिही.

— तुझी ताई