पहिलं लेखन शिबिर घेताय, म्हणजे संशोधकांनी एकत्र बसून आपापले पेपर लिहायचं?

दोन दिवस आणि आठ-दहा संशोधक, एवढंच ठेवा. जागा नाशिकजवळच्या गंगापूर धरणाच्या बाजूला बघा. कॉलेजातच घेतलंत तर 'फक्त एक सही' म्हणून निम्मे लोक विभागात पळतात.

दिवसात ९० मिनिटांची तीनच सत्रं, मध्ये अर्धा तास चहा. सत्राआधी प्रत्येकाने कागदावर लिहायचं: 'पद्धतीचा भाग, ४०० शब्द'. नुसतं 'पेपर पुढे नेतो' नको. संध्याकाळी झालं की नाही, कळतच नाही.

नवख्यांच्या चुका ठरलेल्या:
- व्याख्यानं ठेवणं. पाहुणे बोलतात, लिहायचं राहतं.
- लिहिताना संदर्भ शोधू देणं. लेख आधीच डाउनलोड करून आणायला सांगा. अडलं तर कंसात 'संदर्भ' टाकून पुढे जायचं.
- गाईड आणि विद्यार्थी एकाच टेबलावर. विद्यार्थी मग फक्त मान डोलावतो.

एक्स्टेंशन बोर्ड मात्र चार न्याच. अभिप्रायाची सत्रं पुढच्या खेपेला बघू.