वाचकांचे प्रश्न : तमिळनाडूची अभ्याससहल

प्रश्न : आमच्या महाविद्यालयाच्या इतिहास विभागाला चाळीस विद्यार्थ्यांसह पाच दिवसांत तमिळनाडूतील वारसास्थळे पाहायची आहेत. त्यात मदुराई आणि रामेश्वरमही बसवता येतील का?

उत्तर : बसतील, पण मग बरीचशी सहल बसमध्येच जाईल. त्याऐवजी चेन्नईहून महाबलीपुरम, चिदंबरम, गंगैकोंडचोळपुरम, दारासुरम आणि शेवटी तंजावर असा मार्ग धरावा. महाबलीपुरमचे एकसंध खडकातील रथ सगळेच पाहतात. तेथील अर्धवट राहिलेले कोरीवकाम मात्र मुद्दाम दाखवावे, कारण खडकावर चौकोनी चर पाडून मधला दगड कसा फोडून काढत, हे तेथे स्पष्ट दिसते.

तंजावरला किमान दीड दिवस द्यावा. राजराज चोळाने १०१० च्या सुमारास पूर्ण केलेल्या बृहदीश्वर मंदिराच्या आवारात दुसऱ्या सरफोजीराजांच्या काळात, १८०३ मध्ये, कोरलेला भोसले घराण्याचा प्रदीर्घ मराठी शिलालेख आहे. मार्गदर्शकाला बोलू देण्याआधी विद्यार्थ्यांनाच त्यातील काही ओळी वाचायला लावाव्यात. दुपारी बहुतेक मंदिरांची दारे साधारण चार वाजेपर्यंत बंद असतात, तो वेळ सरस्वती महाल ग्रंथालयाच्या संग्रहालयासाठी राखावा. मूळ हस्तलिखिते अभ्यासायची असतील, तर ग्रंथालयाशी आधीच पत्रव्यवहार करावा.

ऑक्टोबर ते डिसेंबर हा तेथील पावसाळा असल्याने जानेवारीचा उत्तरार्ध उत्तम. पोंगलच्या सुट्टीतील गर्दीही तोवर ओसरलेली असते.