वाचकांचे प्रश्न : ‘सिंकमधून वगळा’ म्हणजे नेमके कोठून वगळा?

प्रश्न : मी कर सल्लागार असून माझ्या लॅपटॉपची साठवण २५६ जीबी आहे. कामाचे सगळे फोल्डर क्लाउडशी (म्हणजे इंटरनेटवरील साठवणीशी) सिंक केलेले, म्हणजे आपोआप जुळते राहतील असे ठेवलेले आहेत. टॅलीच्या डेटाचा फोल्डर मात्र इंटरनेटवर जाऊ नये अशी माझी इच्छा होती, म्हणून सेटिंगमध्ये जाऊन त्याच्यापुढची टिक काढली. त्यासरशी तो फोल्डर लॅपटॉपवरून नाहीसा झाला आणि सेवेच्या संकेतस्थळावर मात्र जसाच्या तसा दिसतो आहे. म्हणजे मला हवे होते त्याच्या नेमके उलटे झाले. संकेतस्थळावरची प्रत पुसून टाकली, तर लॅपटॉपवरची परत येईल का? शिवाय जुन्या अशिलांच्या कागदपत्रांचे स्कॅन डिस्कवर फार जागा खातात, त्यांचे काय करावे? – एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : सर्वांत आधी एक विनंती : संकेतस्थळावरच्या फोल्डरला कृपया हात लावू नका. आपण लिहिता त्यावरून टॅलीच्या डेटाची या घडीला शिल्लक असलेली ती एकमेव प्रत दिसते. ती पुसल्याने लॅपटॉपवर काहीही परत येणार नाही. पुसलेल्या फायली सेवेच्या कचरापेटीत काही काळ राहतात हे खरे, मायक्रोसॉफ्टच्या वनड्राइव्हच्या व्यक्तिगत खात्यात आणि गूगल ड्राइव्हमध्ये ही मुदत ३० दिवसांची आहे. पण हिशेबाच्या डेटावर असली परीक्षा कशाला पाहायची? सेटिंगमध्ये पुन्हा टिक करा, फोल्डर पूर्ण उतरू द्या, टॅली उघडून कंपनी नीट दिसते याची खात्री करा आणि मगच पुढचे वाचा.

आपली चूक मुळीच जगावेगळी नाही, कारण ‘वगळणे’ या एकाच शब्दाखाली दोन परस्परविरुद्ध गोष्टी येतात. पहिली : फाईल क्लाउडवर राहू द्यायची, पण या संगणकावर नको. दुसरी : फाईल या संगणकावर राहू द्यायची, पण क्लाउडवर नको. वनड्राइव्हमधील ‘चूज फोल्डर्स’ आणि ड्रॉपबॉक्समधील ‘सिलेक्टिव्ह सिंक’ या दोन्ही सोयी पहिल्या प्रकारच्या आहेत. टिक काढली की फोल्डर संगणकावरून जातो आणि क्लाउडवर राहतो. आपल्याला हवी होती दुसरी. मेनूतील शब्दयोजना याहून स्पष्ट असायला हवी होती, असे माझे मत आहे.

गंमत अशी, की आपल्या एकाच पत्रात दोन्ही गरजा आहेत. जुन्या स्कॅनसाठी पहिलाच प्रकार योग्य आहे : ते क्लाउडवर राहावेत आणि लॅपटॉपची जागा मोकळी व्हावी. त्यासाठी टिक काढण्याचीही आवश्यकता नाही. वनड्राइव्हमध्ये फोल्डरवर उजवी क्लिक करून ‘फ्री अप स्पेस’ निवडले, तर फायलींची नावे एक्सप्लोररमध्ये दिसत राहतात, त्यांच्यापुढे ढगाचे चिन्ह येते, आणि एखादी फाईल उघडली की ती त्या वेळी इंटरनेटवरून उतरते. ज्या चालू वर्षाच्या फायली वीज किंवा इंटरनेट नसतानाही लागतात, त्यांच्यासाठी ‘ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस’ निवडून ठेवावे. एक सावधगिरी मात्र हवी : ढगाचे चिन्ह असलेली फाईल नकोशी झाली म्हणून एक्सप्लोररमधून पुसली, तर ती क्लाउडवरूनही पुसली जाते. जागा मोकळी करणे वेगळे आणि पुसणे वेगळे.

टॅलीच्या डेटासाठी माझा सल्ला साधा आहे : तो फोल्डर सिंक होणाऱ्या फोल्डरच्या बाहेर न्यावा. क्लाउड सेवा फक्त तिला नेमून दिलेल्या फोल्डरच्या आतले पाहते; बाहेरचे तिला दिसत नाही. पण येथे विंडोज वापरणाऱ्यांची हमखास फसगत होते. वनड्राइव्हचा बॅकअप सुरू असला, तर ‘डेस्कटॉप’, ‘डॉक्युमेंट्स’ आणि ‘पिक्चर्स’ हे तिन्ही फोल्डर वनड्राइव्हच्या आतच असतात, त्यामुळे डेस्कटॉपवर आणून ठेवलेला फोल्डर बाहेर आला असे वाटले, तरी तो आतच राहिलेला असतो. पत्त्याच्या पट्टीत संपूर्ण मार्ग वाचून पाहावा. त्यात वनड्राइव्हचे नाव आले, तर तो फोल्डर सिंक होणारच. डी ड्राइव्हवर किंवा थेट सी ड्राइव्हवर नवा फोल्डर करून डेटा तेथे हलवावा आणि टॅलीमध्ये डेटाचा मार्ग बदलावा. हलवताना टॅली बंद असावी, आणि आधी पेन ड्राइव्हवर एक प्रत काढून ठेवावी. हे हलवणेही सिंकच्या दृष्टीने पुसणेच असल्याने क्लाउडवरची प्रत त्यानंतर आपोआप कचरापेटीत जाईल, आणि आपल्याला तेच हवे आहे.

डेटा क्लाउडवर नको यामागे आपले कारण गोपनीयतेचे असावे, पण त्याहून मोठे कारण तांत्रिक आहे. हिशेबाच्या किंवा ई-मेलच्या प्रणाली आपल्या डेटाफायलींत दिवसभर सतत लिहीत असतात. त्याच वेळी सिंकची प्रणाली ती फाईल वाचून वर पाठवू लागली, तर अर्धवट लिहिलेली अवस्था वर जाऊ शकते, किंवा फाईल अडकून पडते. दोन संगणकांवर एकाच वेळी काम झाले, तर एकाच फाईलच्या दोन भिन्न प्रती तयार होतात आणि त्यांतली खरी कोणती हे मार्चअखेर कोणालाच सांगता येत नाही. आउटलुक ज्यात ई-मेल साठवते, त्या पीएसटी फाईलची गत तीच. ती वनड्राइव्हमधून बाहेर कशी काढावी याचे मार्गदर्शन खुद्द मायक्रोसॉफ्टनेच दिले आहे. आपण आउटलुक वापरत असाल, तर ही फाईल कोठे आहे तेही एकदा पाहून घ्या.

आपल्या कार्यालयात वनड्राइव्हचे व्यावसायिक खाते आणि संगणक सांभाळणारी व्यक्ती असेल, तर ठरावीक नावाच्या किंवा प्रकारच्या फायली वर जाऊ नयेत, असे धोरण प्रशासकाला लावता येते. अशा फायली संगणकावर वनड्राइव्हच्या फोल्डरमध्येच राहतात, फक्त वर पाठवल्या जात नाहीत. मात्र त्याबद्दल त्रुटीचा संदेश येत नाही, एक्सप्लोररमध्ये फाईलपुढे वगळल्याचे चिन्ह तेवढे दिसते, म्हणून धोरण लावल्यास कर्मचाऱ्यांना ते तोंडी सांगावे. नाहीतर फाईल वर सुरक्षित आहे, अशा समजात सगळे राहतात.

प्रश्न : शाळेच्या स्नेहसंमेलनाचे चित्रीकरण गूगल ड्राइव्हच्या एका उपफोल्डरमध्ये आहे. बाकी सगळे संगणकावर हवे, पण तेवढा उपफोल्डर नको. पूर्वी हे करता येत होते, आता पर्याय सापडत नाही. – एक शिक्षक, नाशिक

उत्तर : आपली आठवण बरोबर आहे. जुन्या ‘बॅकअप अँड सिंक’मध्ये फोल्डर निवडण्याची सोय होती; २०२१ मध्ये ती प्रणाली बंद होऊन ‘ड्राइव्ह फॉर डेस्कटॉप’ आले. त्यात ‘मिरर’ हा पर्याय घेतला, तर ‘माय ड्राइव्ह’ संपूर्ण उतरतो, निवड करता येत नाही. म्हणून ‘स्ट्रीम’ (फायली क्लाउडवरच राहतात, उघडल्यावर उतरतात) हा पर्याय घ्यावा आणि जे फोल्डर संगणकावर हवेत, तेवढ्यांवर उजवी क्लिक करून ते ऑफलाइन उपलब्ध करावेत. चित्रीकरणाचा उपफोल्डर तसाच सोडला, की तो जागा अडवणार नाही. मोफत खात्याचे १५ जीबी जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो यांत मिळून मोजले जातात, तेव्हा ते चित्रीकरण क्लाउडवर तरी हवे का, हेही पाहावे.

प्रश्न : मी मॅकबुकवर प्रोग्रॅमिंग करते. प्रकल्पातील हजारो बारीक फायलींमुळे आयक्लाउडचे सिंक कधी संपतच नाही. – एक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : आयक्लाउड ड्राइव्हमध्ये ज्या फोल्डरच्या नावाच्या शेवटी ‘डॉट नोसिंक’ असते, तो वर जात नाही, हे अर्थातच रोमन लिपीत आणि जोडून लिहावे. ड्रॉपबॉक्समध्ये हेच काम टर्मिनलमधून फोल्डरला ‘कॉम डॉट ड्रॉपबॉक्स डॉट इग्नोर्ड’ हा गुणधर्म (मॅकवरील नव्या ड्रॉपबॉक्समध्ये त्याचे नाव वेगळे आहे) लावून होते, पण तसे केल्यावर आधी वर गेलेली प्रत क्लाउडवरून आणि इतर संगणकांवरून निघून जाते, हे ध्यानात असू द्या. सिंकथिंग (संगणकांतील फायली थेट एकमेकांशी जुळवणारी प्रणाली) वापरणाऱ्यांनी काय वगळायचे ते सांगणारी ‘डॉट एसटीइग्नोर’ ही फाईल लिहावी; ती स्वतः सिंक होत नसल्याने प्रत्येक यंत्रावर वेगळी लिहावी लागते. आपल्या बाबतीत मात्र मी प्रकल्पच आयक्लाउडच्या बाहेर ठेवीन आणि कोड गिटद्वारे (कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या प्रणालीद्वारे) दूरच्या सर्व्हरवर पाठवीन. त्या हजारो बारीक फायली बहुधा इतरांनी लिहिलेल्या लायब्ररींच्या असतात, आणि त्या एका आज्ञेने पुन्हा उतरवता येतात.