मॅडम, मला असले गुंड का आवडतात?

नाशिकला कॉलेज रोडच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न आता जुना झाला. कधी आई येते. मुलीच्या फोनवर उघड्या छातीचा, गोंदवलेला, दाढीवाला माणूस आणि मागे मोटरसायकल, असलं मुखपृष्ठ बघून तिची झोप उडालेली असते. कधी नवरा येतो आणि आडून आडून विचारतो. बहुतेक वेळा मात्र वाचणारी बाई स्वतःच येते. झोप लागत नाही, एवढंच सांगते. पुस्तकांचा विषय दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत निघतो, तोही वेळ संपत आल्यावर, पर्स उचलता उचलता.

अमेरिकेतल्या मोटरसायकल क्लबांमधल्या पुरुषांच्या या प्रेमकथा. इंग्रजी, बहुतेक ई-बुक. मालिकेत सात-आठ भाग आणि दर भागात क्लबमधला एकेक 'भाऊ' प्रेमात पडणार. 2008 ते 2014 या काळात तिकडे अशा क्लबवरची एक टीव्ही मालिका गाजली आणि त्यानंतर या पुस्तकांचं पीक आलं.

ज्या बाईंबद्दल लिहिते आहे त्यांची परवानगी घेतली आहे, ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत. वय एकतीस. पाथर्डी फाट्याला राहतात, अंबडच्या एका कंपनीत क्वालिटी विभागात आहेत. नवरा सातपूरला, शिफ्टमध्ये.

"किती वाचता?"

"आठवड्याला तीन. साडेअकरा ते दोन. हे रात्रपाळीला असले की तीनसुद्धा."

"मग अडचण झोपेची आहे की पुस्तकांची?"

बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "मॅडम, कंपनीत कोणी मला नुसतं 'ए' म्हटलं तरी मी त्याला तिथंच थांबवते. आणि पुस्तकात तो तिला 'तू माझी' म्हणून दरडावतो, तर मी पुढे जात नाही, तेच पान परत वाचते. मला असं आवडायलाच नको."

मी कागदावर तेवढंच वाक्य लिहिलं आणि 'च'भोवती गोल काढला. ज्यांनी अल्बर्ट एलिस हा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ वाचलाय त्यांना हा गोल कळेल: 'असंच हवं', 'असं नकोच' या हट्टाला तो त्रासाचं मूळ मानतो. आवड ही आवड असते. तिच्यावर हुकूम सोडला की तिची लाज तयार होते, आणि लाज वाटली की माणूस चोरून आणि जास्त वाचतं. 'मला हे आवडतं, आणि का ते मला बघायचंय' हे वाक्य त्यांना आठवडाभर वापरायला दिलं. त्या आठवड्यात पुस्तकं तीनाची दोन झाली. मी कमी करायला सांगितलं नव्हतं.

अशा वेळी एक युक्तिवाद हाताशी असतो आणि मी तो मुद्दाम टाळते. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा पाठ्यपुस्तकात लपवून वाचणाऱ्या पिढीतून काही दरोडेखोर निपजले नाहीत, तसंच हे, असं म्हणून बाईला घरी पाठवता येतं. पण तुलना लंगडी आहे. खून करायचा कोणाच्या मनात नसतो. प्रेम मात्र बहुतेकांना हवं असतं. त्यामुळे प्रेमकथेतलं काहीतरी मनात उरतं, आणि काय उरतं ते तपासावं लागतं. त्यासाठी पुस्तक नीट वाचता आलं पाहिजे.

आधी परिभाषा. हा क्लब म्हणजे आपल्याकडचा रायडिंग ग्रुप नव्हे, जो रविवारी पहाटे सापुताऱ्याकडे निघतो आणि मिसळ खाऊन दुपारी घरी येतो. दोन आयांचा जीव मी एवढ्या एका खुलाशाने भांड्यात पाडला आहे. पुस्तकातल्या क्लबची मुळं दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अमेरिकेत आहेत. कॅलिफोर्नियातल्या हॉलिस्टर गावात 1947 च्या जुलैत मोटरसायकलवाल्यांच्या मेळाव्यात धुडगूस झाला आणि वृत्तपत्रांनी तो रंगवला. 'नव्याण्णव टक्के मोटरसायकलवाले सज्जन असतात' असं तिथल्या मोटरसायकल संघटनेने तेव्हा म्हटल्याची दंतकथा आहे. तसं निवेदन सापडत नाही, पण 'उरलेले एक टक्का आम्ही' म्हणून काही क्लबांनी तो आकडा बिल्ल्यासारखा छातीवर लावला. कादंबरीतला नायक त्या एका टक्क्यातला.

त्याच्या अंगात बिनबाह्यांचं जाकीट, म्हणजे 'कट'. पाठीवर तीन तुकडे: वर क्लबचं नाव, मध्ये चिन्ह, खाली इलाखा. नवा उमेदवार म्हणजे 'प्रॉस्पेक्ट'. तो गाड्या राखतो, झाडलोट करतो, आणि मतदान होऊन सगळे हो म्हणाले तरच त्याला पूर्ण बिल्ला मिळतो. साप्ताहिक बैठकीला 'चर्च' म्हणतात. बायको किंवा कायमची सोबतीण ही 'ओल्ड लेडी', मग ती बावीस वर्षांची का असेना. अशा क्लबांत बाईला सभासदत्व नसतं. 'अमक्याची मालमत्ता' असं लिहिलेला बिल्ला बाईच्या पाठीवर लावायची रीत लेखिकांनी रचलेली नाही, प्रत्यक्षात होती. कादंबरी तिचा दागिना करते.

हे माहीत असलं की लेखिका कुठे साखर पेरते ते दिसायला लागतं. सगळ्यात सोपी क्लृप्ती: आपला क्लब बंदुका विकतो, पण बायका विकत नाही, पलीकडचा क्लब विकतो. शत्रू इतका काळा रंगवायचा की आपला करडा माणूस पांढरा दिसावा. एखाद्या पुस्तकात शत्रूला एकही माणूसपणाचा क्षण दिलेला नसेल, तर नायकाच्या चांगुलपणाचे गुण अर्धेच धरावेत असं मी सांगते.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. ही पुस्तकं बहुधा 'मी'च्या तोंडून लिहिलेली असतात, एक प्रकरण तिचं आणि एक त्याचं. तो तिच्या समोर दार आपटून जातो; पुढच्याच प्रकरणात आपण त्याच्या डोक्यात शिरतो आणि कळतं की तो तिच्यासाठी तडफडतोय. आपल्याला त्याच्या आपटलेल्या दाराचा राग येतच नाही, कारण खुलासा छापून आलेला असतो. त्यात शेवट गोड होणार ही या प्रकाराची ठरलेली अट. मी बाईंना विचारलं, "त्याची प्रकरणं काढून टाकली आणि फक्त तिची वाचली तर?"

त्यांनी घरी खरंच तसं करून पाहिलं. एका पुस्तकातली तिची प्रकरणंच ओळीने वाचली. पुढच्या भेटीत म्हणाल्या, "बारा प्रकरणांत तो तिला दोनदा न सांगता गायब झालाय, एकदा तिचा फोन काढून घेतलाय. मला आठवतच नव्हतं. मला त्याचं प्रेमच आठवत होतं."

प्रत्यक्षात त्याचं प्रकरण वाचायला मिळत नाही, फक्त आपटलेलं दार मिळतं. कॉलेजच्या मुलींच्या बाबतीत मी पुस्तकांवर बंदी घाला असं कोणत्याच आईला सांगत नाही. हा प्रयोग मात्र करायला लावते. एक पुस्तक, एक रविवार, फक्त तिची प्रकरणं.

आणखी काही खुणा आहेत. नायिका पहिल्यांदा 'नाही' म्हणते ती जागा शोधा आणि पुढची दोन पानं बघा. त्याने ऐकलं, चिडला पण थांबला, की लेखिकेने तिच्या नकाराला लाडिकपणा ठरवून पुढे ढकललं? मग पुस्तकाच्या मध्यावर या. इथे हमखास 'लॉकडाउन' येतो: बाहेर धोका, म्हणून सगळ्या बायका-पोरांना क्लबहाउसात आणून ठेवतात. त्या वेळी तिच्याकडे तिचा फोन, तिचे पैसे, तिची गाडी यांपैकी काय उरलंय ते मोजा. तिन्ही गेलं असेल आणि लेखिकेला त्यात काही खटकत नसेल, तर आपल्याला खटकलं पाहिजे. 'क्लबची बाब आहे, विचारू नकोस' हे वाक्य जवळजवळ सगळ्या पुस्तकांत असतं; चांगल्या लेखिका पुढे त्या वाक्याची किंमत नायकाकडून वसूल करतात. शेवटच्या चतुर्थांशात ताटातूट होते. परत येताना त्याने नुसती माफी मागितली की एखादी गोष्ट सोडली, बदलली, चारचौघांत कबूल केली? गुडघ्यावर बसणं स्वस्त असतं.

माझी स्वतःची आवडती कसोटी मात्र क्लबहाउसात पडून असणाऱ्या इतर मुलींची आहे. नायिकेची शुद्धता उजळावी म्हणून लेखिका त्यांना घाण शब्दांत लिहिते का? ज्या पुस्तकात एका बाईचा मान दुसरीच्या अपमानावर उभा आहे, ते पुस्तक प्रेमाचं असलं तरी बायकांच्या बाजूचं नाही. यावर वाद घालायला येणाऱ्या वाचक बाया मला फार आवडतात.

मोटरसायकलचीही एक परीक्षा आहे, गमतीची. ताशी शंभरच्या वेगाने जाताना तो मान वळवून तिच्याशी कुजबुजत असेल, तर लेखिका कधी मागे बसलेली नाही. जिने बसून पाहिलंय ती तापलेल्या सायलेन्सरने पोटरी भाजल्याचं लिहिते, आणि वळणावर त्याच्याबरोबर झुकायचं की ताठ बसायचं हा पहिल्या दिवसाचा गोंधळही लिहिते. जी एवढं नीट बघते ती बहुधा माणसंही नीट बघते. आणि पहिल्या पानावर आशयाची पूर्वसूचना असेल तर ती वाचा. ती वगळून पुढे जाऊन रात्री अडीच वाजता हादरलेल्या बायका मी पाहिल्या आहेत.

इथपर्यंत सगळं वाचनाचं झालं. बाईंचा प्रश्न तसाच होता: का?

मी दोन भेटी त्यांच्या नवऱ्याबद्दल विचारत होते. तो कधी दमदाटी करतो का, कधी जवळ घेतो का. उत्तरं सरळ होती. बरा माणूस, मुखपृष्ठ बघून हसला होता आणि "बुलेट घेऊ का मग?" म्हणाला होता. त्या दोन भेटी मी चुकीच्या दारावर टकटक करत होते.

मग मी त्यांना सांगितलं, ज्या पानांवर तुम्ही परत परत जाता त्यांतली पाच घेऊन या. सगळ्यात तापलेली नकोत, परत वाचलेली हवीत. त्यांनी फोनमध्ये पिवळ्या खुणा करून आणल्या आणि मराठी करत वाचून दाखवल्या.

पहिलं पान: नायिकेला घर बदलायचंय, सकाळी आठला दारात दोन ट्रक आणि चौदा माणसं. दुसरं: एकाच्या अंत्यविधीनंतर क्लबच्या बायका स्वयंपाकघरात रात्रभर रांधतायत, आणि नायिकेच्या हातात कोणीतरी न विचारता साल काढायची सुरी आणि बटाटे देतं. तिसरं: ती दवाखान्यात, आणि खोलीबाहेर एक प्रॉस्पेक्ट रात्रभर खुर्ची टाकून बसलाय. चौथं, पाचवं तसलंच.

"नायक कुठे आहे यात?" मी विचारलं.

त्यांनी फोन वर-खाली केला. "दुसऱ्यात आहे. कोपऱ्यात. भांडी पुसतोय."

"आणि 'तू माझी'?"

"ते चौदा माणसांनी ऐकलं म्हणून तर..." आणि थांबल्या. मग हळूहळू बोलल्या. दोन वर्षांपूर्वी डेंग्यू झाला होता. नवऱ्याला रजा मिळाली ती तीनच दिवस. सासर जळगावला, माहेर मनमाडला, दोन्हीकडे कोणी ना कोणी आजारी. प्लेटलेट उतरत होत्या आणि त्या पेज फोनवरून मागवत होत्या. डिलिव्हरीवाल्या मुलाने "ताई, बरं नाही का?" असं विचारलं. "तेवढंच कोणी विचारलं, मॅडम. नऊ दिवसांत."

त्यांना गुंड हवा नव्हता. टोळी हवी होती. 'तू माझी' हे त्यांच्या कानाला एका पुरुषाच्या मालकीसारखं लागतच नव्हतं. 'तू आमच्यातली' असं ऐकू येत होतं. असा क्षण रोज येत नाही, आणि आला की खोलीतला पंखासुद्धा ऐकू येतो.

जॅनिस रॅडवे या अमेरिकन संशोधिकेने प्रेमकथा वाचणाऱ्या सामान्य गृहिणींशी बोलून 1984 मध्ये लिहिलं होतं की दिवसभर इतरांची काळजी घेणाऱ्या या बायकांना वाचताना स्वतःची काळजी घेतली गेल्यासारखं वाटतं. तिने नायकाच्या मायेवर भर दिला. मोटरसायकल क्लबच्या पुस्तकांत मला ती माया नायकापेक्षा त्याच्या गोतावळ्यात जास्त दिसते. एकट्या फ्लॅटमध्ये वाचणाऱ्या बाईला ती बरोबर सापडते.

पुढचं काम कंटाळवाणं होतं, म्हणून थोडक्यात. झोपेसाठी फोन साडेबाराला हॉलमध्ये चार्जिंगला, प्रकरण मध्येच सोडून. प्रकरणाच्या शेवटी थांबायचं ठरवलं तर कोणी थांबत नाही, कारण शेवट तसाच रचलेला असतो. माणसांसाठी आठवड्यात तीन ठरलेल्या गोष्टी: एक फोन, एकाच्या घरी जाणं, एक मागणी. मागणी सगळ्यात अवघड गेली. 'कोणाला त्रास कशाला' हा दुसरा हुकूम तिथे दडलेला होता. हळदीकुंकवाला सहा जणींना बोलावलं, एक आली. त्या रडवेल्या झाल्या. मी पुढच्या आठवड्यात त्या एकीकडे मिक्सरचं भांडं मागायला पाठवलं. वस्तू मागितली की समोरच्यालाही मागायची सोय होते. मार्चपर्यंत विंगमध्ये आठ जणींची भिशी उभी राहिली. वाचन सुरूच होतं. मध्ये एकदा चिडून सांगायला आल्या की मालिकेच्या सहाव्या भागात लेखिकेने 'मालमत्ता' लिहिलेला बिल्ला नायिकेच्या पाठीवर तिला न विचारता चढवलाय, आणि त्यांनी पुस्तक तिथंच सोडलंय.

भेटी थांबून वर्ष झालं. परवा त्यांचा मेसेज आला. भाड्याचं घर सोडून इंदिरानगरला स्वतःचा फ्लॅट घेतला होता.

'सकाळी नऊ जण आले. ट्रक नाही, छोटा हत्ती. फ्रिज जिन्यात अडकला, वरच्या काकूंनी सगळ्यांना शिव्या दिल्या. हे भांडी पुसतायत.'