जत्रा, बाजार आणि पावतीपुस्तक

प्रिय सानू,

कॉलेजच्या निबंधासाठी तू दोन गोष्टी विचारल्यास. आपल्या सणांमुळे गावाला खरंच पैसा मिळतो का, आणि बघायला बाहेरचे लोक यायला लागले की सण नकली होतो का? पहिल्याचं उत्तर सरळ आहे. दुसऱ्यावर माझं आणि तुझ्या आईचंही एकमत नाही, म्हणून फोनवर अर्धवट बोलण्यापेक्षा लिहायला बसलो.

आधी डोक्यातून एक चित्र काढून टाक. पूर्वी सगळा भक्तिभाव होता आणि मग कधीतरी बाजार देवळात घुसला, असं आपल्याकडे झालेलं नाही. नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावला मार्गशीर्षात खंडोबाची यात्रा भरते, तिथे घोडे, गाढवं, उंट विकायला येतात. नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा बाजार असतो. जेजुरीला पौष पौर्णिमेला गाढवांचा. गडावर जाऊन भंडारा उधळायचा, खाली येऊन गाढवाचा जबडा उघडून दात बघायचे, वय पारखायचं आणि घासाघीस करायची. दोन्ही कामं एकाच फेरीत, आणि त्यात कुणालाच काही वावगं वाटत नाही. पंढरपूरच्या कार्तिकीलाही जनावरांचा मोठा बाजार असतो.

या यात्रांच्या तिथ्या एकदा पंचांगात बघ आणि शेजारी शेतीचं वेळापत्रक ठेव. मार्गशीर्ष-पौषात खरीप घरात आलेलं असतं, चैत्रात रब्बी. हातात पैसा आणि अंगाला थोडी उसंत, अशा वेळी गाव देवाला जातं आणि येताना तवा, घोंगडी, बैल घेऊन येतं. आषाढीची वारी त्यात वेगळी. पेरणी उरकायची, रान पावसाच्या हवाली करायचं आणि चालायला लागायचं. पण आळंदी-देहूपासून पंढरपूरपर्यंत वाटेवरची गावं आणि पंढरपूरचे बुक्का, कुंकू, चुरमुरे, तुळशीमाळा विकणारे या दिवसांवर वर्षाचा हिशेब मांडून असतात.

आता नारायणगावची गोष्ट, कारण ही तुझ्या पुस्तकात नसणार. पुणे जिल्ह्यातलं हे गाव तमाशाची पंढरी म्हणून ओळखलं जातं, विठाबाई नारायणगावकर इथल्याच. गुढीपाडव्याच्या सुमारास तिथे तमाशाच्या फडांच्या राहुट्या पडतात. राहुटीत फडाचा मॅनेजर बसलेला, बाहेर फडाच्या नावाचा फलक. गावोगावचे यात्रा कमिटीवाले येतात, चहा होतो, आणि मग खरा खेळ सुरू होतो. 'गेल्या साली तुमची गाडी उशिरा आली', 'यंदा ढोलकीवाला कोण आहे', 'हजेरीचा कार्यक्रम दुसऱ्या दिवशी सकाळी करणार ना?' अशी घासाघीस चालते. सगळा भाव तिथीवर ठरतो. चैत्र पौर्णिमेला इतक्या गावांची यात्रा एकदम येते की त्या दिवसाची सुपारी सगळ्यांत महाग. आडदिवशी तोच फड पुष्कळ कमी पैशांत येतो. ठरलं की इसारा द्यायचा, कागद करायचा. हा पैसा येतो लोकवर्गणीतून, घरटी ठरलेला. मुंबईला माथाडी किंवा पुण्याला कंपनीत असलेल्यांकडून थोडा जास्त, कारण ते 'बाहेर' असतात. (तुझा बापही या नियमातून सुटलेला नाही.) म्हणजे शहरात मिळवलेला पैसा यात्रेच्या निमित्ताने गावात येतो, तिथून ढोलकीवाला, नाचणाऱ्या बायका, मांडववाला, पाळणेवाला, मटणवाला यांच्यात वाटला जातो. सरकारी योजना हे काम इतक्या निगुतीने करताना मी पाहिलेली नाही.

गणपतीचंही तेच. १८९२ मध्ये पुण्यात भाऊसाहेब रंगारी यांनी आणि पुढे टिळकांनी तो चौकात आणला. पहिला कोण, यावर पुण्यात अजून भांडण आहे, तू त्यात पडू नकोस. गिरगावच्या केशवजी नाईक चाळीत १८९३ पासून गणपती बसतो. पण तुझ्या निबंधाला सगळ्यांत उपयोगी आहे लालबाग. १९३२ मध्ये पेरू चाळीतला बाजार बंद पडला. उघड्यावर बसणाऱ्या कोळणी आणि लहान व्यापाऱ्यांनी हक्काच्या बाजारासाठी नवस बोलला, जागा मिळाली, आणि १९३४ मध्ये तिथे गणपती बसला. ज्याला आज नवसाचा राजा म्हणतात, त्याचा पहिलाच नवस दुकानाच्या जागेसाठी होता! आता या उत्सवांचा पसारा एवढा झाला आहे की मुंबईतल्या किंग्ज सर्कलच्या जीएसबी (गौड सारस्वत ब्राह्मण) मंडळाने २०२५ मध्ये ४७४ कोटींहून जास्त रकमेचा विमा काढला होता.

पण एवढे मोठे आकडे बघून तू भुलू नकोस. मला विचारशील तर सणातला पैसा बघायचा आपल्या कोकणात, चतुर्थीच्या आदल्या दिवशीच्या माटवीच्या बाजारात. गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगतात ती माटवी. तिला नारळ, सुपारीचं शिपटं, तवसं, आंब्याचे टाळ आणि रानातलं काय काय बांधतात. लाल-केशरी कवंडळं, कांगलं, हरणं, शेरवडं. यातलं बरंच काही कुणी पेरत नाही, आणि कवंडळ तर तोंडात घालायच्या लायकीचंही नसतं. एखादी बाई पहाटे रानात जाते, वेली ओढते, जुड्या बांधते, टोपलीत भरून बाजारात फडक्यावर मांडून बसते. तिचं भांडवल म्हणजे कोयती आणि पाय. वर्षभर त्या फळाकडे कुणी ढुंकून बघत नाही, त्या दिवशी मात्र गाडीतून उतरलेला मुंबईकर भाव न करता जुडी उचलतो, कारण त्याच्याशिवाय माटवी पुरी होत नाही. त्या बाईपर्यंत बाकी कुठल्या वाटेने मुंबईचा पैसा पोचला असता, मला तरी सुचत नाही. शिवाय तिला ठाऊक असतं कुठली वेल कुठे आहे, म्हणून ती वेल तोडून कुणी साफ करत नाही.

रायगडमधल्या पेण आणि जवळच्या हमरापूर, जोहे या गावांत वर्षभर मूर्ती घडतात. परदेशी जाणाऱ्या मूर्ती बोटीने निघतात, म्हणून त्यांचं काम कितीतरी आधी उरकावं लागतं. इकडे देव डब्यात बंद होऊन समुद्रात असतो तेव्हा तिकडे गावात आंबेही उतरलेले नसतात.

हे सगळं गोडगोड आहे असं समजू नकोस. झेंडूवाल्याला विचार. दसरा-दिवाळीचा मुहूर्त धरून दोन महिने आधी लागवड करायची, पाऊस लांबला की फूल सडतं, सगळ्यांचं एकदम आलं की भाव कोसळतो. दसऱ्याला सकाळी ज्या फुलासाठी झुंबड असते, त्याचे ढीग संध्याकाळी रस्त्याच्या कडेला टाकून शेतकरी निघून गेलेले असतात, कारण परत न्यायचं भाडंही सुटत नाही. आणि २०२० साली तर सगळंच थांबलं. माउलींच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. लालबागला मूर्ती बसली नाही, रक्तदान शिबिर झालं. भाविकांनी घरी हात जोडले, देवाचं काही अडलं नाही. पोटं आवळली ती तमाशा कलावंतांची, पाळणेवाल्यांची आणि चुरमुरेवाल्यांची.

आता तुझा दुसरा प्रश्न. बाहेरचे लोक आले म्हणून सण नकली होत नाही, यावर मी ठाम आहे. उदाहरण मालवण तालुक्यातल्या आंगणेवाडीच्या भराडी देवीचं. या जत्रेला ठरलेली तिथी नाही. दिवाळीनंतर देवीचा कौल घेतात, गाव शिकारीला जातं, आणि मगच तारीख ठरते. पर्यटनाच्या दृष्टीने याहून गैरसोयीचं काय असेल? तरीही तारीख जाहीर झाली की कोकण रेल्वेच्या गाड्या भरतात, जादा गाड्या सोडाव्या लागतात, आणि लाखो लोक येतात. कॅलेंडर गावाच्या हातात आहे. आलेल्याने रांगेत उभं राहायचं, मिळेल तिथे झोपायचं आणि मालवणी खाजं घेऊन परतायचं. कुणी शनिवार-रविवार बघून जत्रा ठेवा म्हणालं, तर आंगणे मंडळी त्याला काय सांगतील याची मला कल्पना आहे, पण ते कॉलेजच्या निबंधात लिहिता येणार नाही.

सण बिघडतो तो पैसा कुणी दिला त्यावरून. मंडळाची पोरं पावतीपुस्तक घेऊन दारात येतात, तेव्हा आपण कुरकुरतो, एकावन्नचे एकवीस करा म्हणतो. पण पावती फाडणाऱ्याला हक्क असतो. स्पीकर बंद करा म्हणायचा, जमाखर्चाचा फलक कुठे आहे विचारायचा. वर्गणी गोळा करायला धर्मादाय आयुक्तांची परवानगी आणि नंतर हिशेब लागतो, पण त्याहून जास्त धाक शेजारच्या काकूंचा असतो. पुढे जाहिरातीची कमान आली, पुढाऱ्याचा फ्लेक्स आला, आणि कित्येक मंडळांना दारोदार फिरायची गरजच उरली नाही. आपली सुटका झाली म्हणून आपल्यालाही बरंच वाटलं. मग भिंतीएवढे स्पीकर लागले, तेव्हा कळलं की आता बोलायची सोय नाही. दहीहंडीत हे फार उघड दिसतं. बक्षिसाची रक्कम वाढते तसे थर चढतात, आणि वरून पडणारा मुलगा बहुतेक वेळा चाळीतला असतो. २०२२ मध्ये सरकारने तिला साहसी खेळ ठरवलं, विम्याची सोय झाली हे बरंच झालं. बक्षिसाच्या चेकवर पुढाऱ्याचा फोटो मात्र आहेच.

२०२५ मध्ये गणेशोत्सवाला राज्य महोत्सवाचा दर्जा मिळाला. आई म्हणते, चांगलं झालं, परदेशातून लोक येतील, स्वच्छतागृहं तरी होतील. तिचं म्हणणं खोटं नाही, विसर्जनाच्या रात्री लक्ष्मी रोडवर अडकलेल्या कुठल्याही बाईला विचार. मला धास्ती एवढीच, की सरकारी पैशाची पावती कुणाच्याच दारात येत नाही.

तेव्हा तुझ्या सरांना 'अस्सल की नकली' यात फार रस असेल, तर त्यांना सांग, गाव ओळखायचं असेल तर यात्रेनंतर कमिटीची बैठक असते तिथे जाऊन बसा. शिल्लक किती, देणं किती, पुढच्या वर्षी तमाशा की ऑर्केस्ट्रा, यावर जी हमरीतुमरी होते त्यात निबंधाला लागणारं सगळं मिळेल. इथल्या, म्हणजे लंडनच्या, मंडळाचाही अनुभव घेता येईल. इथलं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासूनचं आहे, म्हणजे लालबागच्या राजापेक्षा जुनं, आणि भांडणांचा अनुभवही तितकाच.

यंदा आपल्या वाडीतल्या गणपतीची वर्गणी मी तुझ्या नावाने भरली आहे. काकाने पावतीचा फोटो पाठवला की तुला पुढे धाडतो. डीजेबद्दल तुला जे म्हणायचं होतं, ते आता त्यालाच फोन करून सांग.

तुझा,
बाबा