ग्रामपंचायतीची नगरपंचायत होताना: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

‘गाव मोठे झाले, आता नगरपंचायत हवी’ किंवा नेमके उलट, ‘आम्हाला नगरपंचायत नको’, अशा आशयाची बरीच पत्रे आमच्याकडे जमली होती. त्यांतील पाच प्रश्न येथे घेतले आहेत. पत्रलेखकांची नावे व गावे त्यांच्याच विनंतीवरून दिलेली नाहीत.

प्रश्न: २०११ च्या जनगणनेत आमच्या गावची लोकसंख्या नऊ हजार सातशे होती, आज ती अठरा हजारांच्या घरात असावी. बाजारपेठ, दोन महाविद्यालये आणि राज्य महामार्ग असे सारे गावात आहे. सर्वांत जवळची महानगरपालिका चाळीस किलोमीटरवर आहे. ग्रामसभेने नगरपंचायतीसाठी दोनदा ठराव केला, परंतु पुढे काहीच हालचाल होत नाही. आमचे कोठे चुकते आहे? (एक माजी ग्रामपंचायत सदस्य)

उत्तर: आपल्या प्रश्नातच अडचण दडलेली आहे. महाराष्ट्र नगरपरिषद, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ याच्या कलम ३४१-क नुसार ग्रामीण रूपातून नागरी रूपाकडे जाणाऱ्या क्षेत्राला शासन ‘संक्रमणात्मक क्षेत्र’ म्हणून जाहीर करते आणि अशा क्षेत्रासाठी नगरपंचायत स्थापन होते. त्यासाठी लोकसंख्या दहा हजारांपेक्षा कमी आणि पंचवीस हजारांपेक्षा जास्त नसावी लागते. ही लोकसंख्या म्हणजे आज गावात प्रत्यक्ष राहणाऱ्या माणसांची संख्या नव्हे, तर ज्या शेवटच्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध झाले आहेत तिच्यातील संख्या. २०२१ ची जनगणना वेळेवर झाली नाही, त्यामुळे कागदोपत्री आपले गाव अजून २०११ मध्येच उभे आहे आणि तीनशे माणसांनी कमी पडते आहे.

दुसरी अट रोजगाराची. महानगरपालिकेच्या किंवा ‘अ’ वर्ग नगरपरिषदेच्या, म्हणजे एक लाखाहून अधिक वस्तीच्या शहराच्या, हद्दीपासून पंचवीस किलोमीटरच्या आत असलेल्या गावात बिगरकृषी रोजगाराचे प्रमाण किमान २५ टक्के असावे लागते. त्यापलीकडच्या गावात ते किमान ५० टक्के लागते. आपल्याला हा दुसरा आकडा लागू होईल. प्रस्तावात हे प्रमाण अंदाजाने लिहून चालत नाही. जनगणनेत काम करणाऱ्यांची शेतकरी, शेतमजूर, घरगुती उद्योगातील आणि इतर अशी विभागणी असते, तिच्यावरून ते काढतात. बाजारपेठ कितीही गजबजलेली असली, तरी आसपासच्या वाड्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत असतील, तर तेथील शेतमजुरांची संख्या हे प्रमाण खाली ओढते.

आता आपण विचाराल, की मग आपल्यापेक्षा कितीतरी लहान गावांना नगरपंचायती कशा मिळाल्या? तालुक्याच्या मुख्यालयांसाठी कायद्यात वेगळी वाट ठेवलेली आहे आणि जेथे ग्रामपंचायत होती अशा तालुका मुख्यालयांचे नगरपंचायतीत रूपांतर करण्याचे धोरण शासनाने २०१४ मध्ये स्वीकारले. सिंधुदुर्गातील वाभवे-वैभववाडी हे गाव एरवी दहा हजारांच्या अटीत बसले नसते. तालुक्याचे ठिकाण म्हणून ते बसले. आपले गाव तालुक्याचे ठिकाण नाही, असे पत्रावरून दिसते.

शेजारचे गाव जोडून घेऊन आकडा पुरा करण्याचा मार्ग मोकळा आहे. देवगड-जामसंडे, कसई-दोडामार्ग या नगरपंचायतींच्या जोडनावांतच दोन गावांचे दोन मान सांभाळलेले दिसतात. मात्र शेजाऱ्यांना विचारल्याशिवाय त्यांचे गाव नकाशात ओढले, तर पहिल्या हरकती त्यांच्याच येतील.

प्रक्रिया थोडक्यात अशी आहे. नगर विकास विभाग आधी हेतू जाहीर करणारी उद्घोषणा राजपत्रात आणि स्थानिक वृत्तपत्रात प्रसिद्ध करतो, किमान तीस दिवस हरकती व सूचना मागवतो, जिल्हाधिकारी त्यांवर अहवाल देतात आणि मग अंतिम अधिसूचना निघते. ग्रामसभेचा ठराव प्रस्तावाला बळ देतो, पण निर्णय शासनाचा असतो. गंमत अशी, की इंग्रजी अमदानीतल्या १८५० च्या २६ व्या कायद्यात गोष्ट उलटी होती: गावच्या रहिवाशांची इच्छा असल्याचे दिसले तरच तेथे नगरपालिका स्थापन होई. सोलापूरची नगरपालिका त्याच काळातली, १८५२ ची. कर बसणार म्हटल्यावर गावोगाव त्या इच्छेचे काय होत असेल, याची कल्पना आपण करू शकतो.

प्रश्न: नगरपंचायत झाली की घरपट्टी तिप्पट होते, असे आमच्या आळीत सगळे म्हणतात. हे खरे आहे का? (एक गृहिणी)

उत्तर: अधिसूचना निघाली म्हणून दुसऱ्या दिवशी घरपट्टी वाढत नाही; ती वाढते मोजणीनंतर. ग्रामपंचायतीची घरपट्टी, दिवाबत्ती कर, आरोग्य कर आणि पाणीपट्टी यांची आपल्याला सवय असते. नगरपंचायतीत त्यांच्या जागी एकत्रित मालमत्ता कर येतो, शिवाय राज्य शासनासाठी वसूल होणारा शिक्षण उपकर, आणि दुकानगाळ्यांसारख्या अनिवासी जागा असतील तर रोजगार हमी उपकर, अशा नव्या ओळी बिलावर दिसू लागतात. नागरी भागात सामान्यतः जागेचे वर्षाला किती भाडे येऊ शकते यावरून करयोग्य मूल्य ठरवले जाते आणि त्यातून दुरुस्तीखातर दहा टक्के वजा होतात.

तरीही बिल फुगण्याचे खरे कारण बहुधा दर हे नसते. मी नगरपालिका सेवेत असताना एका नव्या नगरपंचायतीच्या पहिल्या कर आकारणीला हजर होतो. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ च्या, म्हणजे घरांच्या कर आकारणीच्या, नोंदवहीत एका घरासमोर ‘दगडविटांचे, कौलारू, दोन खण’ अशी नोंद होती आणि त्या नोंदीवर वर्षाला काही शे रुपये भरले जात होते. टेप घेऊन आम्ही तेथे पोहोचलो, तेव्हा जागेवर तीन मजली इमारत होती, खाली औषधाचे दुकान आणि झेरॉक्स, वरच्या मजल्यावर दोन भाडेकरू. मालक प्रामाणिकपणे म्हणाले, ‘आम्हाला कोणी विचारलेच नाही.’ त्यांचे बिल तिपटीहूनही जास्त वाढले आणि शेजारच्या खरोखरीच्या कौलारू घराचे फारसे वाढले नाही. आळीत चर्चा मात्र तीन मजल्यांच्या बिलाचीच झाली.

आपण काय करावे? आपल्या घराचा नमुना ८ चा उतारा आजच काढून त्यातील क्षेत्रफळ, बांधकामाचा प्रकार आणि वापर तपासून घ्यावा. पहिली आकारणी यादी प्रसिद्ध झाली, की हरकतीची मुदत आणि सुनावणीची तारीख नोटिशीत असते. त्या तारखेला कागद घेऊन स्वतः जावे. पुढे ही आकारणी दर चार वर्षांनी नव्याने होते, म्हणून पहिल्या वेळी चुकलेली नोंद सहसा चार वर्षे तशीच राहते.

प्रश्न: गावठाणाला लागून माझी तीन एकर बागायत आहे. नगरपंचायतीच्या हद्दीत गेल्यावर ती बिनशेती धरली जाईल का, आणि तिच्यावर रस्ता किंवा मैदान टाकतील का? (एक शेतकरी)

उत्तर: पहिल्याचे उत्तर ‘नाही’. हद्द बदलली म्हणून सातबारा बदलत नाही. जमीन शेतीची राहते, महसुली दप्तर तहसील कार्यालयाकडेच राहते आणि आपण शेतकरी आहात की नाही हे सातबाऱ्यावरून ठरते, नगरपंचायतीच्या पाटीवरून नाही.

दुसऱ्याचे उत्तर ‘शक्य आहे’, आणि या पत्रसंचातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट कदाचित हीच असावी. नगरपंचायत स्थापन झाली, की महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगर रचना अधिनियम, १९६६ खाली ती नियोजन प्राधिकरण होते, म्हणजे आपल्या हद्दीतील जमिनींचा वापर ठरवणारी संस्था. स्थापनेपासून तीन वर्षांच्या आत तिने विकास योजनेच्या कामाला लागायचे असते: आधी इरादा जाहीर करायचा, मग सध्याच्या जमीनवापराचा नकाशा तयार करायचा, मग प्रारूप विकास योजना. शाळा, भाजीमंडई, बसस्थानक, खेळाचे मैदान, कचरा डेपो, रुंद रस्ते या सर्वांची आरक्षणे या प्रारूपात येतात आणि ती गावठाणालगतच्या मोकळ्या जमिनींवर पडतात, कारण आत जागाच नसते. म्हणजे नेमकी आपल्यासारख्यांची बागायत.

प्रारूप प्रसिद्ध झाल्यावर हरकतीला तीस दिवस मिळतात आणि नियोजन समितीपुढे सुनावणी होते. नकाशा नगरपंचायतीच्या भिंतीवर लावलेला असतो, त्याच्यावरची पिवळी-हिरवी-जांभळी रंगसंगती पहिल्या नजरेत कोणालाच कळत नाही. म्हणून आपला गट क्रमांक लिहून घेऊन, शक्य तर एखाद्या जाणत्या सर्वेअरला बरोबर घेऊन तो पाहावा. आरक्षण मंजूर झाले आणि दहा वर्षांत जमीन संपादन झाली नाही, तर कलम १२७ खाली खरेदीसूचना, म्हणजे ‘जमीन विकत घ्या’ अशी नोटीस, देता येते. त्यानंतर चोवीस महिन्यांत संपादनाची पावले उचलली गेली नाहीत, तर आरक्षण व्यपगत, म्हणजे आपोआप रद्द, होते. अर्थात बारा वर्षांनी सुटका होण्यापेक्षा तीस दिवसांत हरकत घेणे स्वस्त पडते.

दुसऱ्या बाजूचेही सांगितले पाहिजे. आपल्या शेजारचे प्लॉट पाडणारे आज नऊ फुटांच्या बोळाला रस्ता म्हणत असतील, तर त्याला चाप बसण्याची सुरुवात याच योजनेने होते. बांधकाम परवानगीही २०२० च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीनुसार नगरपंचायतीतूनच घ्यावी लागते.

प्रश्न: मी पंधरा वर्षे ग्रामपंचायतीत पाणी सोडण्याचे काम करतो. नगरपंचायतीत माझी नोकरी राहील का? (एक पाणीपुरवठा कर्मचारी)

उत्तर: आपल्याला खोटा दिलासा देणे योग्य होणार नाही. समावेशन, म्हणजे ग्रामपंचायतीच्या कर्मचाऱ्याला नगरपंचायतीच्या सेवेत घेणे, आपोआप होत नाही. शासन नगरपंचायतीसाठी पदांचा आकृतिबंध, म्हणजे कोणती व किती पदे असतील याचा आराखडा, मंजूर करते, त्यातील पदे, शैक्षणिक अर्हता आणि रूपांतराच्या तारखेआधी आपली ग्रामपंचायतीतील नेमणूक रीतसर होती का, यांवर ते अवलंबून असते. पंधरा वर्षे तोंडी सांगण्यावर काम केलेल्या माणसाची येथे पंचाईत होते. म्हणून नेमणुकीचा मासिक सभेतील ठराव, हजेरीपटाच्या प्रती, पगाराच्या नोंदी आणि भविष्य निर्वाह निधीचा हिशेब यांच्या साक्षांकित प्रती अंतिम अधिसूचनेपूर्वीच ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडून (पूर्वीचे ग्रामसेवक) घ्याव्यात. नंतर दप्तर गठ्ठ्यात बांधले जाते आणि त्यातून एक कागद शोधणे किती अवघड असते, हे आपल्याला मी सांगायला नको.

प्रश्न: अधिसूचना निघाल्यावर सरपंचांचे काय होते? ग्रामसभा राहते का? निवडणूक होईपर्यंत गाव कोण चालवते? आणि ग्रामपंचायतीने दिलेले जुने जन्मदाखले चालतील का? (एक शिक्षिका)

उत्तर: अंतिम अधिसूचनेबरोबर ग्रामपंचायत संपते आणि सरपंच व सदस्यांची मुदत बाकी असली तरी त्यांची पदेही जातात. कारभार प्रशासकाकडे येतो, आणि ते बहुधा तहसीलदार असतात. ग्रामपंचायतीची मालमत्ता नगरपंचायतीकडे येते, तशी देणीही येतात. दप्तराच्या कपाटांच्या किल्ल्यांबरोबर पाणी योजनेच्या थकलेल्या वीजबिलाचीही फाइल हातात पडते. त्यानंतर राज्य शासनाचा मुख्याधिकारी येतो. दैनंदिन प्रशासन त्याच्या सहीने चालते, आणि सरपंचाकडून सही घेण्याची सवय असलेल्या गावाला हा बदल पचायला वेळ लागतो.

निवडणुकीसाठी गावाचे सतरा प्रभाग पाडतात आणि प्रत्येकातून एक नगरसेवक निवडून येतो. निम्म्या जागा महिलांसाठी राखीव असतात आणि आरक्षणाची सोडत काढली जाते. २०२२ मधील बदलानंतर नगराध्यक्षही थेट मतदारांतून निवडला जातो. जिल्हा परिषद व पंचायत समितीसाठी मात्र आपल्याला यापुढे मतदान करता येणार नाही, कारण ते मतदारसंघ ग्रामीण क्षेत्राचे असतात. गावातील काही पुढाऱ्यांचा नगरपंचायतीला जो विरोध असतो, त्याचे मूळ पुष्कळदा करांपेक्षा येथे सापडते.

ग्रामसभा राहत नाही. वर्षातून किमान चार वेळा भरणारी, कोणीही उठून खर्चाचा हिशेब विचारावा अशी ती बैठक बंद होते, आणि तिची जागा घेणारी सर्व मतदारांची सभा नगरपंचायतीत नसते. ग्रामीण रोजगार हमी आणि ग्रामीण घरकुल या योजनांची दारेही बंद होतात, त्याऐवजी शहरी योजना येतात. अर्ज अर्धवट असलेल्या कुटुंबांनी हे आधी लक्षात घ्यावे. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत नागरी संस्थांसाठी अठरा विषय दिले, त्यांत अग्निशमन, नगर नियोजन, गलिच्छ वस्त्यांची सुधारणा असे ग्रामपंचायतीच्या आवाक्याबाहेरचे विषय आहेत. ते आपल्या गावात प्रत्यक्ष कधी उतरतील, हे मात्र पहिल्या दोन-तीन अर्थसंकल्पांत पैसा कोठे जातो यावरून कळेल, आणि तो अर्थसंकल्प मागून पाहण्याचा आपल्याला अधिकार आहे.

जुने जन्म-मृत्यू दाखले वैध राहतात. त्यांच्या मूळ नोंदवह्या नगरपंचायतीच्या निबंधकाकडे जातात आणि नवी प्रत त्यांच्याकडून मिळते. आपल्या विद्यार्थ्यांपैकी ज्यांच्या दाखल्यात नावाची चूक असेल, त्यांना दुरुस्तीचा अर्ज आत्ताच द्यायला सांगावे. हस्तांतराच्या काळात या नोंदवह्या काही आठवडे कोणाच्याच टेबलावर नसतात.